पडद्याआडची शिंक

बेबीबाईंना मिरचीने कधी शिंक आली नव्हती. नंदुरबारात त्यांची मिरची कांडायची गिरणी होती, शेजारी पिठाची चक्की. गिऱ्हाईक मिरचीचा डबा टेकवून नाक दाबत रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायचं, आणि बेबीबाई त्या लाल धुरळ्यात उभ्या राहून तिकडच्यांशी मोठ्याने गप्पा मारायच्या.

अशा बाईला एका पायाने जेरीस आणलं होतं. डाव्या कुल्ल्यातून कळ निघायची, मांडीच्या मागून पोटरीत उतरायची आणि घोट्यापर्यंत झणझणत जायची. बसलं तरी कळ, उठलं तरी कळ. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कमरेतली गादी सरकून नस दाबली जाते आहे. ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या घ्या, व्यायाम करा. बेबीबाईंनी गोळ्या घेतल्या.

पण श्रावण लागला होता, आणि श्रावणात कानबाई देवी येते. रविवारी घरात बसते, नैवेद्याच्या रोटांचा स्वयंपाक होतो, आणि सोमवारी चौरंगासकट डोक्यावर घेऊन, डफाच्या तालावर नाचत तिला नदीवर नेतात. बेबीबाईंच्या भाऊबंदांत चौरंग घेण्याचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे त्यांचा. गेल्या वर्षी मात्र मारुतीच्या देवळापाशी पायाने दगा दिला. बांगडी फुटून हाताला लागल्याचं निमित्त सांगून त्यांनी चौरंग धाकट्या जावेकडे, वत्सलाबाईंकडे दिला. वत्सलाबाई नदीपर्यंत अशा नाचल्या की गल्लीला वर्षभर दुसरा विषय उरला नाही.

"औंदा तू आराम कर, आक्का," परवाच त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या. "कानबाई मी लई जासू."

एकदा हातचा गेलेला मान चुकून गेला म्हणता येतं. दुसऱ्यांदा गेला की तो गेलाच.

म्हणून सून रोहिणी त्यांना डॉक्टर दामिनींकडे घेऊन गेली. रोहिणी शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिला सासूच्या पायापेक्षा सासूच्या गोळ्यांची जास्त काळजी होती. दामिनी व्यायाम शिकवायच्या आणि सुयाही लावायच्या, केसासारख्या बारीक.

"सुईने गादी जागेवर बसत नाही, मावशी," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "काहींचं दुखणं कमी होतं, काहींचं नाही. करून बघू. पण व्यायाम चुकवायचा नाही."

"सोमवारी नाचता येई का?"

"पाय कमी उचला. हातांनी नाचा."

"हात तर चौरंगाले ऱ्हातस."

"मग चेहऱ्याने नाचा."

ही गोष्ट वत्सलाला कळता कामा नये, असं बेबीबाईंनी रोहिणीला बजावलं. जावेला कळलं की संध्याकाळच्या आत गल्लीतल्या शेळ्यांनाही कळणार.

सुया लागल्या की पायात जडपणा यायचा, मुंग्या चढायच्या. मग बेबीबाई पालथ्या पडून चादरीवरची फुलं बघत राहायच्या. हळूहळू उभ्याने चप्पल घालता येऊ लागली. सुयांमुळे की रोहिणी उभी राहून करून घेत असलेल्या व्यायामांमुळे, हे दामिनींनाही छातीठोकपणे सांगता येईना, आणि बेबीबाईंना त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं.

कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी रोहिणीची शाळा होती. एरवी ती सासूला आपला ढगळ पंजाबी ड्रेस घालायला लावायची. त्या दिवशी बेबीबाई एकट्याच निघाल्या. दामिनींनी सांगितलं होतं, सैल, मऊ, जुनं नेसून या. घरातलं सगळ्यात जुनं आणि मऊ पातळ एकच होतं, आणि ते कालच धुतलं होतं. गिरणीत नेसायचं.

मिरची धुण्याने जात नाही, हे त्यांच्या नाकाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

दवाखान्यात दोन खाटा होत्या, मधे हिरवा पडदा. पलीकडे कुणीतरी आधीच सुया लावून पडलं होतं. बेबीबाई पालथ्या झाल्या, पदराची घडी करून उशाला घेतली. कमरेत, गुडघ्यामागे, घोट्यापाशी सुया लागल्या. लावता लावता दामिनींनी दोनदा नाक चोळलं.

"उकडतंय," म्हणत त्यांनी पंखा मोठा केला.

पंख्याच्या वाऱ्याने पातळ फडफडलं. मग दामिनी शिंकल्या. पुन्हा शिंकल्या. आणि पडद्यापलीकडे कुणाचा तरी श्वास आधी अडकला, पुन्हा अडकला, मग पत्र्यावर नारळ पडावा तशी शिंक आली आणि तिच्यामागोमाग "माय वं, पाय गया मन्हा."

बेबीबाईंनी चादरीवरून डोकं उचललं. ही शिंक त्या लग्न होऊन आल्यापासून ऐकत होत्या.

"वत्सला?"

पलीकडे चादर खसखसली.

"वत्सला नही," आवाज आला.

"मंग कोन शे?"

"कोनी नही." आणि आणखी एक शिंक, आणखी एक कळ.

"हालू नका," दामिनी धावल्या. "शिंकेने नसेवर दाब येतो. सुया काढते आधी."

"डाक्टर, हिन्हा पायले काय व्हयनं?"

"एका पेशंटचं दुसऱ्याला सांगता येत नाही," दामिनी डोळे पुसत म्हणाल्या.

"मी सांगस," पडदा म्हणाला. "उजवा पाय. होळीपाइन."

"मन्हा डावा. आनि तू गल्लीमा सांगत फिरस, आक्काना पाय गया म्हनीसन?"

"तू भी ते सांगं ना, बांगडी फुटनी म्हनीसन."

हलता येत नव्हतं, उठून जाता येत नव्हतं, जावेचं तोंडही दिसत नव्हतं. भांडायला इतकी गैरसोयीची जागा बेबीबाईंनी पाहिली नव्हती.

"सोमवारी काय करशी?" त्यांनी विचारलं.

"तू काय करशी?"

"देवळालगून तू ले. पुढे मी."

"म्हणजे फोटोमा तू. फोटो नदीवरच काढतस."

"मंग देवळालगून मी."

"तठलगून सगळी गल्ली देखस," वत्सलाबाईंना तेही पटेना.

दामिनींनी दोघींच्या सुया काढल्या, खिडक्या उघडल्या, तरी वाटणी होईना. शेवटी बेबीबाईंनीच तोडगा काढला: देवळापर्यंत त्या. गेल्या वर्षी जिथे थांबल्या, तिथवर तरी आपल्या पायांनी जायचं होतं.

सोमवारी चौरंग डोक्यावर आला. नथ घातलेली, डोळे कोरलेली नारळाची कानबाई वर बसली, डफ कडाडला. बेबीबाईंनी पाय कमी उचलले आणि चेहऱ्याने असं काही नाचल्या की बघायला आलेल्या दामिनींना रोहिणीच्या खांद्यामागे तोंड लपवावं लागलं.

देऊळ आलं. पोटरीत बारीकशी कळ होती. दुखत नाही म्हटलं असतं तर तेही खपून गेलं असतं. नदी समोर दिसत होती.

वत्सलाबाई जवळ आल्या. "आक्का, पाय दुखस का?"

सगळी गल्ली बघत होती.

"दुखस," बेबीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या आणि चौरंग जावेच्या डोक्यावर दिला.

वत्सलाबाई निघाल्या, बेबीबाई शेजारून चालू लागल्या. नदीच्या उतारावर पोरांनी गुलाल उधळला, आणि बेबीबाईंनी पाहिलं, जावेचा श्वास अडकला. त्या पुढे झेपावल्या, तिचं नाक दाबायला हात वर केला, आणि तो तसाच थांबला. ही बोटं मिरचीची. शनिवारी चक्की रोटांच्या दळणासाठी धुतली तेव्हा बोटंही तीन वेळा घासली होती, तरी मिरचीचीच.

श्वास दुसऱ्यांदा अडकला. बेबीबाईंनी दोन्ही हातांनी चौरंगाची कड धरली.

शिंक आली. कानबाईची नथ तेवढी हलली.

"चौरंग सोड आते," वत्सलाबाई पुटपुटल्या.

"आखो शिंक ई. तुन्ही कधी एकच येस का?" बेबीबाई म्हणाल्या. नदीच्या फोटोत त्या आहेत, चौरंग धरलेल्या.