उभा सौदा

फौजेतून निवृत्त झालेल्या मानसिंगनं सांगलीच्या हळदीच्या वायदेबाजारात एक नियम करून घेतला होता. मागच्या पंधरवड्यातला सगळ्यात वरचा भाव ओलांडला की घ्यायचं. सगळ्यात खालचा मोडला की त्याच दिवशी विकून मोकळं व्हायचं. कारण विचारायचं नाही. बाजारात सौदे करायचा त्याचा मेव्हणा आकाराम. आकारामचा जन्म हळदीत गेलेला. कांडी मोडून वास घेतला की तेजी-मंदी उमगते, असं त्याला वाटायचं. तरी आजवर त्यानं दाजींचा शब्द मोडला नव्हता.

श्रावणात मिरजेला मानसिंगच्या छातीचं ऑपरेशन झालं. दोघांचं होतं नव्हतं ते खरेदीत अडकलेलं; सौदा मिटलेला नव्हता, उभाच होता. आणि त्याच आठवड्यात खालचा भाव मोडला.

"विकलंस?" मानसिंगनं खाटेवरून विचारलं.

"व्हय, दाजी."

विकलं नव्हतं. सकाळीच तो हरिपूरला जाऊन आला होता. तिथं जमिनीत खोल खणलेल्या पेवांमध्ये गावोगावची हळद साठवलेली, आणि त्यांच्यावरून कृष्णेच्या पुराचं पाणी फिरून गेलेलं. आत माल कुजलाय, याची आकारामला खात्री होती. मग भाव चढल्याशिवाय राहतोय?

पण तेलंगणातून माल येऊ लागला आणि भाव घसरतच गेला. रोज बाजार उठला की अडत्या त्या दिवशीच्या घसरणीचा फरक रोख भरायला सांगायचा, आणि संध्याकाळी आकाराम दाजींच्या खाटेशी बसून 'विकलंय' म्हणायचा. आकारामची शिल्लक संपली. तो बहिणीपुढं जाऊन उभा राहिला आणि खरं ते सांगून टाकलं.

अंबूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांनी विकाय सांगितलं हुतं न्हवं?"

"आक्का, माल कुजलाय गं आत. चार दिस दम धर."

"आता सांगितलं तर जीव जाईल त्यांचा," ती म्हणाली आणि हातातल्या पाटल्या काढून दिल्या.

पाटल्याही गेल्या. आकारामला अन्न जाईना. आणि एका दुपारी, भाव पुन्हा तुटल्यावर, तो अडत्यावर ओरडला, "काट माजा सौदा! पडंल त्या भावानं समदा काट!" 

पुढच्याच आठवड्यात पेवं उघडली. आत हळदीचा काळा चिखल. बाजार पेटल्यासारखा वर गेला. कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणालं, "लेका, तू म्हनतच हुतास की!" आकारामला हसताही येईना.

तो तसाच मिरजेला गेला आणि खाटेशी बसून सगळं बोलला.

"म्हंजे तुजं बरुबर हुतं," मानसिंग म्हणाला.

"व्हय."

"मग विकलंस का?"

"दम निघंना, दाजी. तुमचं ऐकलं न्हाई, आन् माजंबी ऐकलं न्हाई."

मानसिंगचा श्वास टाक्यांवर अडखळला. "पैसं जाऊ देत रं," तो हळूच म्हणाला. "पर रोज हितं बसून 'विकलं' म्हनत हुतास. मी सुखानं झोपत हुतो."

एवढ्यात अंबूबाई पेजेचं भांडं घेऊन आली. तिच्या मोकळ्या मनगटांकडं मानसिंग बघत राहिला, मग त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिनं पेज पुढं केली. त्यानं घेतली नाही.

दिवाळीनंतर मानसिंग साखर कारखान्यावर राखणदार लागला. आकाराम त्याच बाजारात पोती उचलू लागला. पुढच्या श्रावणात राखीपौर्णिमेला तो बहिणीच्या दारापर्यंत गेला. मानसिंग ओसरीवरच बसला होता. "ये" म्हणाला नाही, की "जा" म्हणाला नाही. आकाराम चप्पल न काढता उभा राहिला.