गरम इंजिन

बमरोलीत दगाचं मोटरसायकलींचं गॅरेज होतं आणि त्याचा नियम एकच: टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपांवरची फट, सेट करायचे तर इंजिन गार पाहिजे. तापलेलं असताना आतली फट वाढलेली असते. तेव्हा पत्ती घालून माप धरलं, की गार झाल्यावर फट उरतच नाही आणि गाडी चालू होत नाही. म्हणून गिऱ्हाईक कितीही घाईत असो, दगा सांगे, गाडी ठेव, उद्या ये.

पण जावयाला असं कोण सांगणार?

योगेंद्र इच्छापोरहून कंपनी सुटल्यावर थेट आला, इंजिन तव्यासारखं तापलेलं. टिकटिक फार वाढलीय, मामा, एवढंच म्हणाला. दगाने त्याला खुर्ची दिली, उषाबाईने चहा आणला, आणि चहा संपतो न संपतो तोच टिकटिक बंद. जावई खूश होऊन गेला. उषाबाईला नवऱ्याचा मोठा अभिमान वाटला. तो सकाळपर्यंत टिकला.

सकाळी लेकीचा, हर्षदाचा फोन आला. गाडी चालूच होईना. यांनी कशीबशी ओढत कंपनीच्या गेटसमोरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने उघडून सगळ्यांदेखत विचारलं, कोणत्या अडाण्याने हात घातला? "यांनी तुमचं नाव नाही घेतलं, बाबा. मोबाईलवर बघून मीच केलं म्हणाले. आता सगळे यांना मिस्त्री म्हणतात." हर्षदा हसत होती.

"जवाईले थांबा सांगता नई उनं का तुमले?" उषाबाईने विचारलं.

थांबा म्हणायची लाज वाटली होती, हे बायकोला कसं सांगायचं? त्याचीही लाजच.

संध्याकाळी गॅरेजला कुलूप लावून तो इच्छापोरला गेला. मेकॅनिकला बाजूला घेऊन हळूच सांगायचं, असं रस्ताभर ठरवलेलं. पण मेकॅनिकच्या शेजारच्या टपरीपाशी सुटलेल्या शिफ्टची माणसं चहा पीत होती, योगेंद्रही त्यांच्यात. सासऱ्याला बघून तो पाया पडायला वाकला, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालंच, "मिस्त्री, मेरी गाडी भी खोल दो."

दगाचे कान तापले. हसणारे इथे असताना बाजूला सांगून काय उपयोग?

"यांची गाडी मी उघडली होती," तो म्हणाला. "मी यांचा सासरा. माझं गॅरेज आहे."

"मामा, घाई माझीच होती," योगेंद्र पुटपुटला.

"घाई तुमची. इंजिन गरम आहे, हे मला कळत होतं."

कोणी हसलं नाही. मेकॅनिकने फडक्याने स्टूल पुसून पुढे केलं, काका, बसा म्हणाला. टोमण्यापेक्षा दगाला तेच जास्त लागलं. तरी तो बसला, कारण जावई उभा होता, त्याच्याकडेच बघत होता, आणि आता निघून गेलं तर हसं पुन्हा जावयाचंच झालं असतं.