दुसऱ्याच्या नावावर

क्रेनवाल्याला साखर निघाली हे जगात दोघांनाच ठाऊक होतं: एक तो स्वतः आणि दुसरा त्याचा दोस्त पैलवान. बायकोलाही पत्ता नव्हता. गोळ्या तो डब्याच्या पिशवीत, जुन्या हातमोज्यात दडवून न्यायचा आणि वर केबिनमध्ये चढल्यावर गिळायचा. बायकोला सांगितलं तर ती रडेल, रडली की माहेरी बोलेल, आणि तिकडून फिरत फिरत बातमी कारखान्यात येईल, असा त्याचा होरा. बायका रडतात म्हणून आपण गप्प बसतो, असं पुरुष एकमेकांना सांगतात. कसलं काय! त्यांचीच पाचावर धारण बसलेली असते.

कारखाना ओतकामाचा होता. वितळलेल्या लोखंडाची भली मोठी बादली छताखालच्या क्रेननं उचलायची, हळूहळू साच्यांवर न्यायची आणि ओतायची, हे त्याचं काम. खाली माणसं उभी. साखर कमीजास्त होऊन चक्कर येणाऱ्या माणसाला त्या केबिनमध्ये कोण बसू देईल? कळलं की रवानगी गोदामात, नटबोल्ट निवडायला. गोदामात गेलेल्याला सगळे काका म्हणायला लागतात, आणि त्या काकात मान नसतो. क्रेनवाल्याची उभी हयात वर गेली होती. खाली उतरायचा विचारसुद्धा त्याला नको वाटायचा.

क्रेन आणि गाड्या चालवणाऱ्यांची दरवर्षी तपासणी व्हायची. वजन, डोळे, रक्तदाब आणि बाटलीत लघवी. कारखान्याचा डॉक्टर त्या बाटलीत रंगीत पट्टी बुडवून बघायचा. तपासणी जवळ आली तसं क्रेनवाल्यानं पैलवानापुढे रडगाणं लावलं. पैलवान साच्यांवर काम करायचा. साचेवाल्यांना तपासणी नव्हती, आणि आपण जन्मात डॉक्टरची पायरी चढलो नाही हे तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. त्यानं क्रेनवाल्याला पुरतं बोलूही दिलं नाही. त्यात काय एवढं, माझी घे, म्हणाला. अस्सल माल आहे, डॉक्टर खूश होईल.

संडासात दाराखालून बाटली सरकली, आणि ती कोमट असतानाच क्रेनवाल्यानं डॉक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवली.

तेव्हापासून पैलवान त्याच्या मागेच लागला. जेवायच्या सुट्टीत, नळावर हात धुताना, कपडे बदलताना एकच विचारणा: आला का निकाल? क्रेनवाल्याला वाटलं, हा आपली फिरकी घेतोय. त्यानं एकदोनदा शिवीही हासडली.

मग डॉक्टरचं बोलावणं आलं. डॉक्टरनं दार लावून घेतलं, त्याला बसवलं आणि साखर बिलकूल नाही असं सांगितलं. क्रेनवाला उठायला लागला तेव्हा म्हणाला, थांबा. लघवीत रक्त आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण आहे. मुतखडा असेल, नाहीतर मूत्राशयात गाठ असेल. वेळेत सापडली तर काढता येते. मोठ्या दवाखान्यात जा आणि आजउद्या करू नका.

क्रेनवाला बाहेर आला तो घामाघूम होऊन. पैलवानाला आत्ताच्या आत्ता सांगायचं, हे त्याच्या मनात पक्कं होतं. होतं हो, खोटं कशाला बोला! तो साच्यांकडे गेला. चहाची वेळ होती. सगळे घोळक्यानं बसले होते, आणि त्याला बघताच पैलवान उठून बाजूला आला.

"काय निघालं?" त्यानं हळूच विचारलं.

क्रेनवाल्यानं त्याच्याकडे बघितलं, त्याच्यामागे दिसणाऱ्या क्रेनच्या शिडीकडे बघितलं. पैलवान दवाखान्यात जाणार. कारखान्याच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घेतल्याशिवाय ते होणार नाही. दोघांना एकच दुखणं कसं, असं डॉक्टर विचारणार. पैलवानाच्या पोटात काही राहत नाही. एवढं सगळं त्याच्या डोक्यातून गेलं आणि तो म्हणाला,

"फर्स्टक्लास. काही नाही."

पैलवानाचा जीव भांड्यात पडला. त्यानं क्रेनवाल्याच्या पाठीत असा दणका घातला की तो पुढे कलंडला. मग त्यानं सगळ्यांना दुसरा चहा पाजला.

उद्या एकटा गाठून सांगू, असं क्रेनवाल्यानं ठरवलं. उद्याचा परवा झाला. डॉक्टरनं हटकलं तेव्हा मुतखडा होता, पडून गेला, असं ठोकून दिलं. पैलवानानंही पुन्हा कधी विचारलं नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पैलवानाचा पट्टा एकेक भोक आत सरकत गेला. लोक म्हणाले, बारीक झालास. तो म्हणाला, वहिनीनं तेल बंद केलंय तुमच्या. क्रेनवाला वरून बघत राहिला आणि मूग गिळून बसला. रात्री त्याला झोप लागायची नाही. पण सकाळी शिडी चढला की वाटायचं, बघू.

एका दुपारी पैलवान नळापाशीच कोसळला.

मोठ्या दवाखान्यात क्रेनवाला भेटायला गेला तेव्हा पैलवान उशीला टेकून बसला होता. बाजूला नळी, नळीखाली लाल पिशवी. वहिनी स्टुलावर बसून त्याची नखं कापत होती. गाठ बाहेर पसरली होती, आता कापण्यात अर्थ नव्हता. आधी का दाखवलं नाही, म्हणून डॉक्टर रागावले, असं वहिनी सांगत होती. तिचं रडून झालेलं होतं.

"दाखवलं होतं की," पैलवान म्हणाला. "याला विचार."

मग बायकोला त्यानं सगळं सांगितलं. तपासणीच्या आधी दोनतीनदा त्याला लघवी लाल झाली होती. स्वतःच्या नावानं जायला छाती होईना. बाटली याच्या नावावर जाणार होती म्हणून त्यानं पुढे केली. म्हटलं, कळेल तर खरं. निघालं काही नाही. त्या रात्री तो पोरासारखा झोपला होता.

"म्हणजे हे नंतरचंच असणार," तो क्रेनवाल्याला म्हणाला. "नाही का रे?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. क्रेनवाल्याच्या तोंडून हो निघेना. तो दोस्ताकडे न बघता म्हणाला, "रक्त निघालं होतं. डॉक्टरनं मला त्याच दिवशी सांगितलं. मी खोटं बोललो."

पैलवानानं पिशवीकडे बघितलं. मग म्हणाला, "मला तरी दुसरं कुठं ऐकायचं होतं? जाऊ दे."

वहिनीनं जाऊ दिलं नाही. तिनं नखं कापायची थांबवली. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं फक्त विचारलं,

"क्रेन चालू आहे ना भाऊजी तुमची?"

क्रेनवाल्यानं मान डोलावली.

"मग जा," ती म्हणाली. "कामाची वेळ होईल." आणि तिनं नवऱ्याचा दुसरा हात मांडीवर घेतला.