कोळेकर वस्तीचा रंग

लढाई संपली आणि आकाराम सफरमैना पलटणीतून सुटून आष्ट्याला घरी आला. पलटणीत त्यानं पूल बांधले होते, सुरुंगानं खडक उडवले होते, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे नकाशे काढले होते. इटलीच्या डोंगरात फळीवर कागद ताणून ओढे, वाटा आणि टेकड्या टिपायची त्याला अशी काही गोडी लागली की घरच्या उसात त्याचं मन रमेना. थोरल्या भावानं, मानसिंगनं, मोटेचं पाणी उसाला फिरवायला सांगितलं की हा बांधावर बसून समोरच्या डोंगराची रेघ काढायचा. पाणी तिकडं शेजाऱ्याच्या रानात जायचं.

"तू आपला साताऱ्याला जा गड्या," मानसिंग एक दिवस हसत म्हणाला. "तितं नकाशं काढणारी माणसं लागत्यात. हितं माझा ऊस वाळवू नगंस."

साताऱ्यात जिल्हा बोर्डाच्या कचेरीत परांजपे नावाचे इंजिनियर होते. त्यांना असाच माणूस हवा होता. विहिरींसाठी सरकारची मदत येणार होती, पण ती आधी कुठं द्यायची ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ज्याचा आवाज मोठा त्याला विहीर, असं आजवर चालत आलेलं. परांजप्यांच्या मनात एक नकाशा होता. पाणी कुठं लांब आहे, चारा कुठं लवकर संपतो, आजाऱ्याला कुठं बाजेवर घालून डोंगर उतरावा लागतो, पोटासाठी कुठली माणसं गाव सोडतात, हे सारं कचेरीच्या भिंतीवर एका कागदावर दिसावं.

"ज्या गावावर फार ओझं, ते लाल," त्यांनी सांगितलं. "थोडं असेल तर पिवळं. बरं चाललंय ते हिरवं. वाड्यावस्त्या सोडू नका. जुन्या नकाशात त्या नाहीतच."

आकाराम फळी, होकायंत्र आणि रंगाची डबी घेऊन विट्याच्या पूर्वेला निघाला. पण त्याच्या आधी त्याची बातमी पोचत होती. येरळेकाठच्या एका बागायती गावात आप्पासो पाटलांनी त्याला पुरणपोळीचं जेवण घातलं. वाटीभर तूप ओतत ते म्हणाले, "आमच्याइतकं गरीब गाव मुलखात न्हाई बगा. लालच लावा. चांगला गडद लावा." परड्यामागं मोटेची चाकं कुरकुरत होती आणि हरभरा कमरेला लागला होता. आकारामनं पोटभर जेवून गाव हिरवं रंगवलं.

कोळेकरांची वस्ती माळाच्या टोकाला होती. धनगरांची घरं, मेंढरांचे वाडगे आणि एक वाकडी बाभळ. अशा जागी घोटभर पाणी मिळालं तरी नशीब, असं मनाशी म्हणत आकाराम तिथं पोचला, आणि बघतो तर मेंढरांची दगडी डोण काठोकाठ भरलेली. दारादारांत सडे घातलेले. वस्तीतली जाणती बाई राहीबाई हंडाभर ऊन पाणी घेऊन पुढं आली.

"दमून आलायसा. आंगूळ करा आदी."

"एवढं पाणी कशाला, मावशी?"

"पान्याला काय तोटा हाय?" राहीबाई म्हणाली. "लय पानी हाय आमाला."

वस्तीचा कारभारी केरबा तिथंच बाजेवर बसला होता. त्यानं खाकरून दुसरीकडं तोंड फिरवलं. आकारामनं दिवसभराची धूळ मजेत धुऊन काढली, भाकरी आणि मटणाचा रस्सा हाणला, आणि झोपण्याआधी वस्तीच्या जागी पेन्सिलीनं बारीक अक्षरांत 'हिरवा' असं लिहून ठेवलं.

सकाळी तो मोजणीसाठी मागच्या टेकडीवर चढला. खाली पलीकडच्या अंगाला खोल दरी होती, आणि दरीतल्या कोरड्या ओढ्यात बायकांची रांग बसली होती. वाळूत खणलेला एक झिरा होता. एकेक बाई आत वाकून करवंटीनं पाणी खरवडून घागरीत घालत होती. घागर भरली की ती डोक्यावर घेऊन उभा चढ चढायची. रांगेत शेवटी राहीबाई बसली होती.

आकाराम तिथंच खडकावर बसला. कालचा हंडा, डोणीतलं पाणी, दारातले सडे, सगळं या चढानं वर गेलेलं होतं. कालचा पाहुणचार आता त्याच्या अंगाला टोचायला लागला. मग तो उठला, खाली उतरला आणि राहीबाईची घागर भरल्यावर ती खांद्यावर घेतली.

राहीबाई ओशाळली. चढ चढताना मधेच थांबून म्हणाली, "रागावलासा व्हय, बाबा?"

"रागावू कशाला? पर खोटं का सांगितलंसा? लाल लागला असता तर विहीर मिळाली असती."

"विहीर कवा मिळंल ती मिळंल," राहीबाई म्हणाली. "माझा गुंडा बिनलग्नाचा ऱ्हायलाय. वस्तीत आनखी धा पोरं तशीच हायत. पान्याच्या भ्यानं कोन पोरगी देत न्हाई. गेल्या साली पाव्हनं आलं, झिरा बघितला आन् तसंच माघारी गेलं. औंदा आटपाडीकडची एक पोरगी सांगून आलीया. भामा तिचं नाव. तिचा मामा तुमच्याच कचेरीत शिपाई हाय. त्यानं भिताडावर आमची वस्ती लाल बघितली, की झालं सगळं."

आकारामला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. नकाशा काढताना त्यानं पाण्याचा विचार केला होता, चाऱ्याचा केला होता. नकाशा बघणाऱ्या शिपायाचा केला नव्हता.

"मावशी, मी खोटा रंग लावणार न्हाई," तो म्हणाला. "पर तुमची मान खाली जाईल आसंबी करणार न्हाई. बघतो कायतरी."

बघतो म्हणाला खरा, पण काय बघायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढच्या वाड्या फिरताना तो त्याच विचारात होता. साताऱ्याला परतल्यावर त्यानं परांजप्यांना झालेला प्रकार जसाच्या तसा सांगितला.

"साहेब, रंग उलटे केले तर? जितं ओझं जास्त, तितं हिरवा. कोपऱ्यात लिहायचं, हिरवा म्हणजे हितं पहिली विहीर."

"अहो, लाल म्हणजे अडचण हे साऱ्या जगाला कळतं."

"जगाला कळून काय करायचंय? आपल्याला विहिरी खणायच्यात."

परांजप्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि मग असे हसले की शेजारच्या खोलीतले कारकून डोकावून गेले. "बरं, करा उलटे. पण कोपऱ्यातली अक्षरं मोठी काढा."

नकाशा भिंतीवर लागला तेव्हा जिल्ह्याचा सगळा कोरडा पूर्व भाग हिरवागार दिसत होता आणि नदीकाठ लाल. आप्पासो पाटील कशाला तरी साताऱ्याला आले होते. आपलं गाव लाल बघून त्यांनी आकारामची पाठ थोपटली. आकारामनं त्यांचा हात धरून त्यांना कोपऱ्यातली अक्षरं दाखवली. पाटलांचा चेहरा पडला, आणि मग तेही हसायला लागले. "आमचं तूप फुकट गेलं म्हना की!"

भामाच्या मामानंही नकाशा वाचला. शहाणा माणूस होता. पाणी आहे असं काही त्याला वाटलं नाही, पण पाणी येणार एवढं त्याला समजलं. त्यानं निरोप धाडला की सोयरीक पक्की, पण विहिरीला पाणी लागल्यावरच अक्षता पडतील.

मग काय विचारता! उन्हाळ्याच्या तोंडाला कोळेकर वस्तीवर खणती सुरू झाली. बोर्डाकडून पहारी आल्या, सुरुंगाची दारू आली. माणसं वस्तीचीच. गुंडा तर सकाळी खड्ड्यात उतरला की जेवायलासुद्धा वर यायला तयार नसायचा. केरबा वरून ओरडायचा, "आरं गुंडा, दम खा की रं! नवरी पळून जात न्हाई!"

माती संपली आणि काळा पाषाण लागला. पहारी बोथट झाल्या, माणसं हिरमुसली. निरोप मिळाला तसा आकाराम आला. त्यानं धोतर खोचलं, खडकाच्या शिरा बघितल्या, पलटणीत शिकल्याप्रमाणं भोकं पाडून दारू ठासली आणि सगळ्यांना बाभळीमागं बसवलं. सुरुंग उडाला. धूळ खाली बसली, पण खड्डा कोरडाच. दुसऱ्या दिवशीही तेच. केरबा बिरोबाला भंडारा उधळून आला. आकाराम पुन्हा खाली उतरला आणि दगडाच्या ज्या फटीला हात लावल्यावर गार लागत होतं, तिथंच त्यानं भोक घेतलं.

त्या सुरुंगानंतर गुंडा आधी उतरला. वर सगळे काठाला वाकून बघत होते. मग खालून हाक आली, "आये! पाय भिजलं!"

राहीबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. बाकीच्या बाया तिला हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

सगळ्याच हिरव्या वाड्यांना त्या साली विहिरी झाल्या नाहीत. काहींना थांबावं लागलं, एक-दोन ठिकाणी पाणी मचूळ निघालं. पण कुठं थांबलंय आणि कुणाचं थांबलंय, हे आता भिंतीवर दिसत होतं, आणि परांजपे रोज त्याच्यासमोरच बसत होते.

वैशाखात गुंडाचं लग्न झालं. आकाराम मानसिंगला घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी ते निघाले तेव्हा नवी नवरी भामा विहिरीवर होती. भोवती वस्तीच्या बाया जमल्या होत्या, माहेरच्या चौकशा चालल्या होत्या, आणि भरल्या घागरी काठावर तशाच थांबल्या होत्या. गप्पा काही संपेनात. डोणीपाशी केरबाची मेंढरं बॅं बॅं करत उभी.

"आगं, मेंढरांना पानी घाला कुनीतरी!" केरबा ओरडला.

"घालतो की, मामंजी," भामा पदर सावरत म्हणाली. "एवढी गोष्ट संपू दे."

मानसिंग हसत पुढं निघाला. आकारामला खंडाळ्याकडच्या वाड्या काढायला जायचं होतं. त्यानं फळी पाठीला बांधली आणि भावाच्या मागनं माळ उतरायला लागला.