सिग्नल कोणता होता

तत्त्वज्ञान शिकवता शिकवता सरांचं नावच 'किंतु सर' पडलं होतं. निरपेक्ष असं जगात काहीच नसतं, हे त्यांचं पालुपद. घरातही तेच! जेवताना कुणी 'नेहमी' किंवा 'कधीच नाही' म्हणालं, की त्या वाक्याचा फडशा पाडायचा, हा बापलेकांचा खेळ. पोरगा त्यात तरबेज झाला आणि बाप कौतुकाने फुलून जायचा. घ्या आता!

आज पोलीस चौकीबाहेर तोच पोरगा बापाचे हात धरून रडत होता. काल त्याने लाल सिग्नल तोडला आणि रस्ता ओलांडणारी एक म्हातारी त्याच्या गाडीखाली गेली. शेजारच्या सीटवर सर होते.

"बाबा, हिरवा होता म्हणा. सत्य बघणाऱ्यावर अवलंबून असतं, तुम्हीच सांगता ना? मग आता का दातखीळ बसली तुमची?"

 सरांनी आयुष्यभर युक्तिवादांवर पोट भरलं, पण म्हातारी मेली, याला 'किंतु' कुठून लावायचा?

"अहो, पदर पसरते तुमच्यापुढे," बायको म्हणाली. "एकुलतं एक लेकरू आहे. तुमचं तत्त्वज्ञान घाला चुलीत!"

सर आत गेले. हवालदाराने विचारलं आणि ते म्हणून गेले, "हिरवा होता." छातीवरची धोंड उतरेल असं वाटलं होतं. कसली उतरतेय!

कोपऱ्यातल्या बाकावर म्हातारीचा नवरा बसला होता. तो काठी टेकत जवळ आला.

"सर, तुम्ही शिकलेसवरलेले, खोटं कशाला बोलाल? मला हल्ली धड दिसत नाही. ती थांबा म्हणत होती हो. मीच हात ओढला तिचा. म्हटलं, चल गं, आपलाच सिग्नल आहे." त्याने काठी छातीशी धरली. "गाडीला हिरवा होता, म्हणजे मीच मारलं तिला."

दारातून मुलगा खुणावत होता, चला, लवकर चला. सर म्हाताऱ्याकडेच बघत राहिले. हा माणूस आता मरेपर्यंत हेच उराशी धरून जगणार. एखादी पळवाट असेल म्हणून त्यांनी जिवाच्या आकांताने शोधली. काही केल्या सापडेना.

त्यांनी म्हाताऱ्याचे खांदे गच्च धरले.

"नाही हो आजोबा! तुमची चूक नाही. मुळीच नाही! लाल होता. या डोळ्यांनी पाहिलाय मी, लालच होता."

दारात बायकोने हंबरडा फोडला.