नाव गुप्त ठेवले जाईल

वर्तमानपत्रात सदर लिहिणाऱ्या त्या गृहस्थाला गावातले लोक 'तोफ' म्हणत. दर रविवारी तोफ डागली जाई आणि नगरपालिकेत कोणाचा ना कोणाचा चहा कडू होई. दुकानांच्या पाट्या एकाच रंगात रंगवायचा हुकूम निघाला, तेव्हा त्याने लिहिलं, की आता नागरिकांनी नाकंही एकाच मापाची करून घ्यावीत. लोक आठवडाभर हसत होते.

मग पालिकेने नवी टूम काढली. शेजाऱ्याने नियम मोडला, तर मोबाईलवरून फोटो पाठवा. तुमचं नाव गुप्त ठेवलं जाईल. त्यातच राज्य सरकारने पालिकेच्या अधिकाऱ्याला नोटिशीशिवाय माल उचलायचा अधिकार देऊन टाकला. यावर 'घरोघरी हेर' नावाचा त्याचा लेख इतका गाजला, की लोकांनी तो कापून भिंतीला चिकटवला.

कोणाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की त्याच्या आठच दिवस आधी त्याने स्वतः एक फोटो पाठवला होता.

त्याच्या इमारतीत तळमजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहायची. खोलीत उजेड नाही, म्हणून मशीन जिन्याखालच्या मोकळ्या जागेत. ती खडखड नेमकी त्याच्या टेबलाखाली. एका दुपारी वाक्य जुळेना, डोकं तापलं, आणि त्याने जिन्याच्या कठड्यावरून वाकून फोटो काढला. 'रस्त्यात अडथळा', एवढं लिहून पाठवून दिला. फार तर समज देतील, असं त्याला वाटलं होतं.

लेख छापून आल्यावर दोनच दिवसांनी, मंगळवारी, तीन माणसं आली आणि मशीन उचलून घेऊन गेली. सुईखाली अर्धवट शिवलेला गणवेश होता, तोही गेला.

बाई रडवेल्या डोळ्यांनी वर आली. "दादा, तुमच्याशिवाय माझ्या बाजूने कोण बोलणार?"

"बसा हो ताई," त्याची बायको म्हणाली. "हे गप्प बसायचे नाहीत."

तो खरंच गप्प बसला नाही. दुसऱ्याच दिवशी पालिकेत जाऊन अधिकाऱ्याचं टेबल आपटलं. "नोटीस नाही, सुनावणी नाही! एका बाईचं पोट उचलून आणता? कायदा आहे की मोगलाई?"

अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. समोरचा कागद वाचला, पालथा ठेवला.

"साहेब, तक्रारदाराचं नाव आम्ही कोणालाही सांगत नाही. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

त्याने टेबलावरचा हात काढून घेतला.

"मशीन आजच सोडतो," अधिकारी म्हणाला. "रविवारी तेवढं जरा बेतानं लिहा."

मशीन आलं. बाईने त्याचे दोन्ही हात धरले, "तुम्ही होतात म्हणून," असं म्हणाली आणि चहा पुढे केला. त्याने तो खाली मान घालून प्यायला. त्या रविवारी सदरात बागेतल्या फुलझाडांवर लेख आला.

"तब्येत बरी आहे ना?" बायकोने पेपर बाजूला ठेवत विचारलं. तेव्हा त्याने तिला सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "ती इथे बसून रडत होती आणि मी तुमच्या जिवावर तिला धीर देत होते?"

तो तसाच खाली गेला. बाई काजं करत बसली होती. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं.

"आवाजाचा त्रास होत होता?" तिने विचारलं.

"हो."

"मग वरून हाक मारायची ना. दुपारचं बंद ठेवलं असतं." तिने कठड्याकडे पाहिलं. "तिथून काढलात? मी होते त्यात?"

"पाठमोऱ्या होतात."

तिने मान हलवली आणि दोरा तोडला. "बरं. जा आता साहेब, मला काम आहे."

तिने शिव्या घातल्या असत्या, तर त्याला जिना चढणं सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी त्याने फोटो, तारीख, अधिकाऱ्याचा सौदा, सगळं आपल्या नावानिशी छापलं. अधिकाऱ्याने खुलासा केला, की असं बोलणं झालंच नाही. रस्त्यात लोक पाठ थोपटू लागले, "काय हिंमत तुमची!" आणि ते ऐकताना त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होई. आठवडाभरात त्याला अकरा पत्रं आली. सगळी बिननावाची. 'मीही पाठवला होता. कृपया छापू नये.'

गावकऱ्यांच्या रेट्याने शेवटी पालिकेला सभा बोलवावी लागली. ही योजना बंद करावी असं कोणाला वाटतं, असं अध्यक्षांनी विचारताच सगळं सभागृह हात वर करून उभं राहिलं. अधिकारी हसला. "आणि फोटो कोणी कोणी पाठवले होते?"

सगळे हात खाली आले. खुर्च्या करकरल्या, कोणी खोकलं, कोणी चष्मा पुसू लागलं. त्याने एकट्याने हात वर केला आणि तसाच ठेवला. दुसऱ्या रांगेत शिवणवाली बाई बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

योजना महिन्याभराने बंद झाली.