चौथी जागा

पार्किंगच्या कंट्रोल रूममध्ये मी बारा पडदे बघते. खोलीला खिडकी नाही, आणि दार उघडायला साहेबांचं कार्ड लागतं. बदली माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. "डोळ्यांत तेल घालून बघा," असं साहेब रोज सांगतात. पगार मात्र त्या तेलापुरताच.

ट्रेनिंगला एक बाई आल्या होत्या. त्यांनी बारा चौकटींचं चित्र दाखवलं, क्षणभर काळं केलं, पुन्हा दाखवलं आणि विचारलं, काय बदललं? आम्ही सगळ्या चौकटी बघायला गेलो आणि बदल एकालाही सांगता आला नाही. "एक ना धड, भाराभर चिंध्या," बाई हसल्या. "मनात एका वेळी तीन-चार चित्रंच टिकतात. तीही लक्ष धरून ठेवाल तोवर." तेव्हापासून मी तीन पडदे मनात धरते, ते सोडते, मग पुढचे तीन. चौथी जागा आईची.

आईला हल्ली विसरायला होतं. दार उघडून खाली जाते आणि भर रस्त्यात उभी राहते. म्हणून मी बाहेरून कुलूप लावून येते. सांगताना लाज वाटते, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. ज्यांना सापडतो त्यांनी कृपा करून एक दिवस आमच्याकडे राहून दाखवावं. घरात कॅमेरा बसवलाय. काही लागलं तर याच्यासमोर येऊन हात कर, एवढं मात्र आईच्या पक्कं लक्षात आहे. इथे फोन आणायला बंदी आहे, तरी मी तो लपवून आणते आणि कीबोर्डमागे उभा करते. सापडला तर नोकरी गेलीच.

त्या दिवशी आई खुर्चीत बसली होती, मांडीवर निळी शाल. मी तीन पडदे बघायचे, मग आई. शाल जागेवर. पुन्हा तीन, पुन्हा आई. बदल नाही म्हणजे सगळं ठीक, हेच तर इथे अंगात भिनलंय. मधेच एका पडद्यावर कुणीतरी भलत्याच गाडीचं हँडल ओढताना दिसलं. मी लगेच कळवलं. साहेब खूश, मीही खूश.

मग मनात आलं, आई हलत कशी नाही? माझी आई सलग पाच मिनिटं स्वस्थ बसेल? जन्मात नाही! मी फोन डोळ्यांजवळ नेला. चित्राच्या कोपऱ्यात वेळ होती दहा बेचाळीस. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

चित्र अडकलं होतं. पाऊण तास मी एक फोटो राखत बसले होते.

मी उठले. दार ढकललं, ते ढिम्म हललं नाही. शेजारच्या काकूंकडे दुसरी किल्ली असते, त्यांना फोन लावला. मग इंटरकॉमवर साहेबांना म्हटलं, "दार उघडा, घरी जायचंय."

"तुला आत बसून घरचं कसं कळलं?"

"फोन आहे माझ्याकडे. काढून टाका मला, पण आधी दार उघडा."

"मी पलीकडच्या इमारतीत आहे. यायला पंधरा मिनिटं तरी लागतील," साहेब म्हणाले. "तोवर खुर्ची सोडू नकोस."

सोडून जाणार कुठे? मी बसले. समोर बारा पडदे होते आणि मला एकही दिसत नव्हता. हुशारी कसली, नुसते खुर्चीला बांधलेले दोन डोळे होते मी.

काकूंचा फोन आला. "अगं, पडल्या होत्या वाटतं. मनगट टम्म सुजलंय. पण उभ्या आहेत, त्या कॅमेऱ्यासमोर. किती सांगितलं तरी तिथून हलत नाहीत. घे, बोल."

आईचा घसा पार बसला होता. "किती वेळ हात करतेय मी तुला."

"आई, मी बघत होते गं. एकसारखी तुझ्याकडेच बघत होते."



"मग आली का नाहीस?"